कुंडीला बांधलेला पिवळा धागा

"कुणी विचारलं जेवलीस का, तर हो म्हणायचं. जेवून आले म्हणायचं. कळलं?"

हा आईचा आवाज. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. माझी वेणी घालून झाली की ती देवापुढच्या दिव्यात करंगळी बुडवायची आणि ते तेल माझ्या ओठांवरून फिरवायची. ओठ चकचकले की माणूस नुकतंच जेवून उठल्यासारखं दिसतं. त्या ओठांनी मी शाळेत जायची. गुरुजी पहिल्या तासाला विचारायचे, "कोण कोण जेवून आलं?" आणि सगळ्यांत आधी माझा हात वर व्हायचा.

आज खडकवस्तीच्या त्याच शाळेत मी शिक्षिका आहे. एकटीच. चार इयत्ता, एकतीस मुलं. पण मला तो प्रश्न विचारावा लागत नाही. आमच्याकडे तो प्रश्न माठ विचारतो, माठाची पालेभाजी.

शाळेच्या मागं वीस मीटर लांबीचा पॉलिटनेल आहे. लोखंडी कमानी, त्यांवर ताणलेलं दुधी प्लास्टिक, दोन्ही टोकांना चेनची दारं. मुलं त्याला बोगदा म्हणतात. माणदेशातला वारा उघड्यावर कोथिंबीरसुद्धा उभी राहू देत नाही, पण बोगद्यात पालक आहे, मेथी आहे, टोमॅटो आहेत, सुतळीवर चढलेला घेवडा आहे. ठिबकच्या नळीतून थेंब पडत असतात. मुलं लावतात, मुलंच खुडतात आणि नसीमाभाभी, आमच्या शाळेत स्वयंपाक करणारी, ती भाजी दुपारच्या आमटीत टाकते. वाफ्यांच्या पलीकडे एक लांब फळी आहे आणि तिच्यावर बत्तीस कुंड्या. त्यांतला माठ मात्र खायचा नाही.

या माठाची गोष्ट तशी साधी आहे. अंगाला खाण्यातून साखर मिळेनाशी झाली, की ते आपली साठवलेली चरबी जाळायला घेतं. त्या जळणाचा धूर म्हणावा असा एक वायू रक्तातून फुफ्फुसात येतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. अ‍ॅसिटोन त्याचं नाव. फार पिकलेल्या फळासारखा त्याचा वास, पण एवढा थोडा की माणसाच्या नाकाला सहसा कळत नाही. आता माठ हिरवाही असतो आणि लालही. लाल रंग बनवण्याची विद्या त्याच्या अंगात मुळातच आहे. संशोधकांनी एका जिवाणूकडून अ‍ॅसिटोन ओळखण्याची खूण उचलली आणि हिरव्या माठात ती त्या लाल रंगाच्या बटणाला जोडून दिली, एवढंच. उपाशी माणसाचा श्वास पानावर पडला, की चार तासांत पानाच्या शिरा लाल होतात, मग सगळं पान.

उघड्यावर श्वास वाऱ्यावर जातो, म्हणून बोगदा. आणि प्रत्येक कुंडीवर प्लास्टिकची पारदर्शक टोपी, तिला तोंडापुरती खिडकी. सकाळी नऊला मुलं आपापल्या कुंडीवर ओणवी होतात आणि माठाला पाढे म्हणून दाखवतात. दहा मिनिटं बोगदा नुसता घुमतो. दुपारी कमानीखालच्या तारेवरून एक कॅमेरा सरकत जातो, बत्तीस कुंड्यांचे फोटो काढतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतो. लाल पानाच्या मुलाला दुसऱ्या दिवसापासून सकाळी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू.

प्रशिक्षणात मी वहीत दोन गोष्टी लिहून घेतल्या होत्या. लाल झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळं झाडाकडे खालून वर पाहिलं की मागचे आठवडे वाचता येतात. आणि दुसरी, लहान मुलाच्या अंगात साठा थोडा, एक रात्र उपाशी निजलं तरी पान लाल होतं, पण मोठ्या माणसाला त्यासाठी दीड-दोन दिवस पोटात काही नसावं लागतं. दुसऱ्या वाक्याखाली मी रेघसुद्धा मारली होती. का मारली, आठवत नाही. आमच्या शाळेत मोठं माणूस होतंच कोण.

पहिल्या वर्षी लाल पानांमागोमाग गाडी यायला लागली. मदतीची गाडी. तिच्या दोन्ही अंगांना बालपोषण म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ती माझ्या वर्गातल्या कार्तिकीच्या दारात उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई वैजयंता शाळेत आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"बाई, आख्ख्या वस्तीनं ती गाडी वाचली."

"अहो, तांदूळ, डाळ द्यायलाच आले होते ते."

"दिलं की. घेतलं मी. पण माझी पोरगी उपाशी निजली हे माठानं सांगायचं? अन् का निजली, ते बी सांगितलं का त्यानं? रुसून निजली, का ताप होता, का चुलीवर काय नव्हतं?"

"तेवढं नाही कळत त्याला."

"मग अर्धवट कशाला बोलतो?"

दुसऱ्या दिवशी कार्तिकी कुंडीवर ओणवी झाली आणि तिनं सातचा पाढा नुसते ओठ हलवून म्हटला. श्वास कोंडून. सात दाही सत्तरपर्यंत तिचा चेहरा जांभळा पडला होता. मी तिथंच उभी होते. माझ्या ओठांवर तेलाचं बोट फिरल्यासारखं झालं.

वाट काढली ती नसीमाभाभीच्या एका बोलण्यानं. रमजान चालू होता. तिच्या आलियानं पहिलाच रोजा धरला, संध्याकाळी दोन खजूर खाऊन जी निजली ती पहाटे सहेरीच्या जेवणाला उठलीच नाही. दुपारपर्यंत तिची कुंडी लाल.

"आता गाडी माझ्या दारात?" भाभी पळी हातात घेऊनच बोगद्यात आली. "सगळ्या शाळेला जेवू घालते मी, अन् माझीच पोरगी उपाशी! गावाला हसायला तेवढंच पाहिजे."

मी जिल्ह्याच्या माणसांना कळवलं की मुलांचे उपवास असतात, रोजे असतात, ते यात धरू नयेत. त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही. उपवास म्हटल्यावर आपल्याकडे कोण पुढं विचारतं? मी पिवळ्या धाग्याचं एक रीळ आणलं. ज्याचा उपवास त्यानं कुंडीला धागा बांधायचा, कॅमेरा ती कुंडी सोडून देईल. मुलांना म्हटलं, "कशाचा उपवास, ते मी विचारणार नाही."

महिन्याभरात फळीवर एकोणीस पिवळे धागे झाले. सहा-सात वर्षांची पोरं सोमवार धरायला लागली, मंगळवार धरायला लागली. खरं तर आपल्या उपवासानं पान लाल होत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं म्हणजे अंगाला साखरच साखर. खिचडी खाल्लेल्या मुलाचा माठ हिरवागार राहतो. तेव्हा धागा पिवळा आणि पान लाल असलं, की तो उपवास नव्हे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशा मुलांना मी प्रार्थनेआधी बाजूला बोलवायची आणि लाडू हातावर ठेवायची. "खा रे. राजगिऱ्याचा आहे. उपासाला चालतो."

कुणाच्या दारात गाडी नाही, कुणाचं पोट रिकामं नाही. मला वाटायचं, छाया मदने, एवढं एक तू बरं केलंस.

त्याच सुमारास मी आईला शाळेत आणायला लागले. वडील गेल्यापासून ती माझ्याजवळ होती आणि दिवसभर घरात एकटी भिंतीशी बोलायची. बोगद्यात तिला करमलं. ती घेवड्याला सुतळी बांधायची, मेथीतलं तण काढायची आणि थकली की फळीच्या टोकाला पाट टाकून बसायची. बत्तिसावी कुंडी मोकळी होती. त्या कुंडीची मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. मुलांनी ती कुंडी आजीला देऊन टाकली. मुलं पाढे म्हणायची तेव्हा आई ओवी म्हणायची, टोपीच्या खिडकीशी तोंड नेऊन, लेकराच्या कानात सांगावं तसं.

हिरवा गं माठ माझा, पान पानाला खेटून
लेक बोलती मातीशी, माती ऐकती वाकून

दिवाळीनंतर कधीतरी तिच्या कुंडीला पिवळा धागा आला.

"हे काय, आई?"

"माझा न्हाय का उपास? पोरांचाच असतोय व्हय?"

"खिचडी खाल्लीस का पण?"

"खाल्ली की वाटीभर. तू बाहेर केर काढीत हुतीस तवा."

सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. मार्गशीर्षात तर विचारायलाच नको. माझ्या लहानपणी तिनं एवढे उपवास केल्याचं आठवत नव्हतं. तेव्हा उपवासाला वेगळा वार नसायचा. पण म्हातारपणी माणूस देवाकडे वळतं, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढच्या कामाला लागले.

काम तर होतंच. चार इयत्तांचे पेपर, लाडवांची मागणी, कॅमेऱ्यानं न ओळखलेल्या पानांचे फोटो पुन्हा काढून पाठवायचे. संध्याकाळी घरी गेलं की पाय पोटऱ्यांपासून बधिर झालेले असायचे. मी आईचं ताट वाढून तिच्यापुढं ठेवायची आणि कॉम्प्युटर उघडून भिंतीकडे तोंड करून बसायची. थोड्या वेळानं विचारायची, "जेवलीस का?" मागून आवाज यायचा, "जेवले." वळून बघितलं तर ताट रिकामं असायचं. ते रिकामं कसं झालं, ते मी कधी पाहिलं नाही. आमच्या दाराशी एक कुत्री बसायची. हल्ली ती चांगली गुटगुटीत झाली होती.

आईच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. मी म्हटलं, वाळलीस गं. ती म्हणाली, "म्हातारपणी बांगड्या वाढत्यात." आणि हसली. मीही हसले. दमलेलं माणूस हसून मोकळं होतं. दवाखान्यात नेऊ का म्हटलं तर म्हणाली, "तुझी रजा कशाला घालवतीस? एकटी मास्तरीण तू. पोरं कुणाच्या गळ्यात बांधशील?" ते खरंच होतं. मी म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत नेईन.

माघातला गुरुवार. मधली सुट्टी व्हायला अवकाश होता. मुलांना गणितं घालून मी बोगद्यात मेथी न्यायला आलेल्या नसीमाभाभीला हातभार लावायला गेले. ती मेथी खुडायची सोडून फळीच्या टोकाशी उभी होती.

"बाई, आजींची कुंडी बघितली का तुम्ही?"

"का? काय झालं?"

"बघा तरी."

बत्तिसाव्या कुंडीत फक्त एक उंच काडी उभी होती. शेंड्याला दोन कोवळी हिरवी पानं, बाकी काही नाही. खालपासून वरपर्यंत पानं खुडल्याचे डाग. बाकीच्या एकतीस कुंड्यांत माठ दाटून आला होता.

"खुडलं की फुटवा येतो, असं म्हणते ती," मी म्हटलं.

"फुटवा आलाय कुठं?" भाभी माझ्याकडे न बघता म्हणाली. "फुटू दिलाच नाही. आलं पान की खुडलं. मी चार-पाच वेळा बघितलं, पोरं घरी गेल्यावर खुडतात अन् खताच्या खड्ड्यात टाकतात. वाटलं, म्हातारं माणूस आहे, काही असेल."

"उपास असतात तिचे."

भाभीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "बाई, तुम्हीच सांगितलं होतं मला. खिचडी खाऊन पान लाल होत नाही."

मी खताच्या खड्ड्याशी गेले. वरचा पालापाचोळा काठीनं बाजूला केला. खाली लाल पानं होती. ताजी, सुकलेली, काळी पडलेली. थरावर थर. एकाही पानात हिरवी शीर नव्हती. मी मोजायला लागले आणि तीसच्या पुढं थांबले.

मोठ्या माणसाला दीड-दोन दिवस. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून. एकोणीस पोरांचे खोटे धागे मी पहिल्या दिवशी ओळखले होते. विसावा ओळखला नाही, कारण तो बांधणारीनं मला खोटं शिकवलं होतं आणि तिच्याकडून शिकलेल्या मुलीनंच त्या खोट्याला धागा आणून दिला होता.

"भाभी, माझ्या वर्गाकडे जरा बघशील?"

"जा तुम्ही," ती म्हणाली. "पोरांना मी भाकरीच्या गोष्टी सांगते."

आई दुसऱ्या दारानं बोगद्यात आली. हळूहळू, फळीला धरून. रोजच्यासारखी पाटावर बसली. प्लास्टिकमधून गाळलेलं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं आणि त्या उन्हात तिचे ओठ चकचकत होते. मी जवळ गेले. खोबरेल तेलाचा वास आला.

क्षणभर मला आमच्या जुन्या घराचा उंबरा दिसला आणि दिव्यात बुडलेली करंगळी.

कात्री घेवड्याच्या सुतळीपाशीच होती. मी बत्तिसाव्या कुंडीचा पिवळा धागा कापला.

"अगं, उपास मोडलास की माझा."

"कुणाचा उपास, आई?"

"दत्ताचा. गुरुवार न्हाय का आज?"

"आणि काल?"

"कालचा… काल बुधवार. देवाला काय वारांची कमी हाय?"

"मग ओवी म्हण."

"आत्ता?"

"म्हण की. माठ वाट बघतोय."

तिनं टोपीच्या खिडकीशी तोंड नेलं. "हिरवा गं माठ माझा, पान पानाला खेटून…" आवाज खरखरीत झाला होता, वाळूतून पाणी जावं तसा. ती आवंढा गिळायला थांबली. हात गळ्याशी गेला, डोळे मिटले गेले. तो आवंढा उतरायला किती वेळ लागतो, ते मी पाहत उभी राहिले. दुसरी ओळ आलीच नाही. मग मला आठवलं, कित्येक दिवसांत मी दुसरी ओळ ऐकलीच नव्हती. बोगद्यात रोज पहिलीच ओळ यायची आणि मी ती ऐकत पुढं निघून जायची.

मी तिच्यासमोर मातीत बसले. ओढणीच्या टोकानं तिचे ओठ पुसले. तेलाखाली ते कोरडे होते, भेगा पडलेले. तिनं तोंड फिरवलं नाही. लहान मुलानं पुसून घ्यावं तसं पुसून घेतलं.

"आई, जेवलीस का?"

ती कुंडीकडे बघत राहिली. ठिबकच्या नळीतून थेंब पडत होते. वर्गात भाभी काहीतरी सांगत होती आणि मुलं हसत होती.

"हो म्हणू नकोस," मी म्हटलं. "मी गुरुजी नाही."

तिनं माझा हात धरला. बांगड्या कोपरापर्यंत घरंगळल्या.

"तू आधीच किती दमतीस," ती म्हणाली. "रोज बघते मी. भिंतीकडं तोंड करून बसल्या बसल्या पेंगतीस. म्हटलं, आणि माझं कुठं तुझ्या डोक्यावर घालू? सुट्टी लागंस्तोवर कळ काढावी."

"जेवलीस का, आई?"

"न्हाय." तिचा आवाज एवढा खाली गेला की मला ओणवं व्हावं लागलं, टोपीच्या खिडकीशी मुलं होतात तसं. "जेवले न्हाय, छबे. दिवाळीपासनं घास खाली उतरत न्हाय. ताकाचं पाणी तेवढं जातंय, ते बी कवा कवा." ती थांबली. तो आवंढाही तिनं डोळे मिटून गिळला. मग माझ्या हातावरची पकड घट्ट केली आणि म्हणाली,

"भूक लागती गं. लई भूक लागती मला."